उंच माणूस खाली

शनिवार-रविवारी आमच्या खोपोलीत हल्ली पायऱ्या बघायला माणसं येतात. खरंच सांगते. पाठीला सॅक, पायात महागडे बूट, हातात मोबाईल. धबधबे बघून झाले, पळसदरीचं धरण बघून झालं, वडापाव खाऊन झाला, की मग जुन्या वस्तीतल्या दगडी पायऱ्या. एका बाजूनं चढायचं, दुसऱ्या बाजूनं उतरायचं, मधे थांबून फोटो काढायचे. दुरून डोंगर साजरे म्हणतात, यांना जवळूनही साजरे दिसतात, नशीब त्यांचं. मागे मी तिकडे गेले होते तर एका मुलीनं मला विचारलं, काकू, या पायऱ्या कुठे जातात. मी म्हटलं, वर. ती हसली, मी हसले नाही. पण पोरगी चांगली होती, स्वतःची पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली, म्हणून मग तिला दोन गोष्टी नीट सांगितल्या. सगळं नाही सांगितलं. ते इथं सांगते.

खोपोली म्हणजे सगळा घाटाचा पायथा. खाली स्टेशन, बाजार, पाताळगंगा, आणि मान वर केली की डोंगर. खाली जागा पुरेना तशी माणसं उतारावर चढत गेली. आमची वस्ती तशीच चढलेली. रिक्षा खालच्या नळापर्यंत यायची, पुढे पायऱ्या. आमच्या घरात फ्रीज आला तो पायऱ्यांनी, दरवर्षी गणपती यायचा तो पायऱ्यांनी, नवीन लग्न झालेली नवरी पदर खोचून धापा टाकत वर यायची तीही पायऱ्यांनीच. आणि माणूस गेला की खाली जायचा तोही त्याच वाटेनं. आमचं घर सगळ्यात वरच्या ओळीत होतं, त्याच्या मागे दगडाची बांधलेली भिंत आणि भिंतीमागे करवंदांच्या जाळ्या. पाहुणे आमच्याकडे यायचं टाळायचे. आई म्हणायची, बरं आहे, ज्याला खरंच यायचं असतं तोच येतो.

बाबा साजगावला एका कारखान्यात होते, पाळीचं काम. उंच माणूस, घरात शिरताना चौकटीखाली वाकायचे, आणि तरी महिन्यातून एकदा तरी कपाळ आपटून घ्यायचे. वस्तीत त्यांना मान होता तो या उंचीमुळे. हसू नका. पायऱ्यांवरून तिरडी उतरवायची म्हणजे पुढचे दोघं खालच्या पायरीवर असतात आणि मागचे दोघं वरच्या. सारख्या उंचीची माणसं लावली तर तिरडी पुढे कलते, आणि तिरडीवरचा माणूस दोरीला ओढ देत सरकायला लागतो. म्हणून आमच्याकडे एकच नियम, उंच माणूस खाली, बुटका वर. तेवढं पाळलं की तिरडी सरळ आडवी राहते. आजारी माणसाला खुर्चीतून उतरवायचं तरी तसंच. त्यामुळे कुणाच्याही घरात काही झालं की पहिली हाक बाबांना यायची. पाळीवरून येऊन पाठ टेकली असली तरी ते उठायचे, चहा घोटभर प्यायचे आणि खांद्यावर टॉवेल टाकून निघायचे.

मागच्या बाजूला, म्हणजे वर, नेहमी एकच माणूस, आमच्या खालच्या ओळीतले शिंपी काका. बाबांच्या छातीपर्यंत येतील न येतील एवढे. दोघांचं एरवी फारसं पटायचं नाही. काका फार बोलायचे आणि बाबांना बडबड सोसायची नाही. पण तिरडी असली की दोघांना एकमेकांशिवाय चालायचं नाही. मधे दुसरा कुणी घातला की बाबा कुरकुरायचे, काकांची पावलं आपल्याला पाठीमागून कळतात म्हणायचे.

सुट्टीच्या दिवशी बाबा मला फिरायला न्यायचे. मलाच, दादाला नाही, कारण दादाला चढ म्हटलं की पोटात दुखायचं. आम्ही सगळ्या खोपोलीतल्या पायऱ्या पालथ्या घातल्या. देवळाच्या पायऱ्या, शाळेच्या, पिठाच्या गिरणीच्या, डोंगरावरून येणाऱ्या मोठ्या पाइपांच्या कडेनं गेलेल्या. एकीकडून वर जायचं, घरांच्या मागून बोळातून सरकायचं, भलत्याच अंगणात निघायचं, तिथल्या बाईनं आधी दचकायचं आणि मग पाणी विचारायचं. एके ठिकाणी कुणीतरी जुनं जातं पालथं घालून त्याची पायरी केली होती. मला त्या पायरीवर पाय द्यायची लाज वाटायची, मी उडी मारून जायचे. बाबा प्रत्येक वळणावर थांबायचे, दोन्ही हात आडवे पसरायचे आणि तसेच हळूहळू सगळे वळायचे. मला वाटायचं हा खेळ आहे. मीपण हात पसरून गरगर फिरायचे, फ्रॉक फुगायचा, बाबा म्हणायचे, पडशील गं.

पुढे कॉलेजात गेल्यावर एकदा मी त्यांना विचारलं, तुम्ही तसं हात पसरून काय करत होता. ते म्हणाले, बांबू वळतो का बघत होतो. काही पायऱ्यांना वळण इतकं चिंचोळं असतं की तिरडी अडकते, मग डोक्यावर उचलून फिरवावी लागते. ते आधी माहीत असलेलं बरं, ऐन वेळी घरच्यांच्या समोर खटपट नको. म्हणजे माझं अख्खं बालपण मी बापाचा हात धरून तिरड्यांच्या वाटा बघत हिंडले, आणि मला वाटत होतं आमची सहल चाललीय! इतका राग आला मला. आठवडाभर मी त्यांच्याशी धड बोलले नाही. आज वाटतं, कामच करायचं होतं तर एकटे गेले असते तरी चाललं असतं. पोरीला कशाला बरोबर न्यायला पाहिजे होतं? मला न्यायचे, याचा अर्थ सहलच होती ती.

आमच्या पायऱ्या जिथे निम्म्यावर येतात तिथे एक रुंद दगडी ओटा आहे, उंबराच्या सावलीत. त्याला विसावा म्हणतात. तिरडी तिथे टेकवायची, मूठभर तांदूळ ठेवायचे, खांदेकऱ्यांनी बाजू बदलायच्या आणि मग पुढे निघायचं. रीत आहे, सगळीकडेच असते. पण बाकी गावांत विसाव्याची जागा रस्त्यात कुठेतरी लांब असते. आमच्या रोज जाण्यायेण्याच्या वाटेत ती होती. दळणाचा डबा डोक्यावर, पाय भरून आलेले, समोर गार सावलीतला ओटा, आणि बसायचं मात्र नाही. जित्या माणसानं तिथे टेकायचं नाही. लहानपणी मी एकदा नुसती टेकले तर आईनं दंडाला धरून उठवलं होतं.

आई गेली तेव्हा माझं लग्न होऊन मी नेरळजवळ पोशीरला नांदत होते. बातमी कळून मी पोचले तोवर तिची तयारी झाली होती. बाबांना सगळे म्हणाले, आज तुम्ही खांदा नका देऊ, आम्ही आहोत. ते हो म्हणाले आणि तिरडीच्या पुढे उलटे उतरत गेले, तोंड तिच्याकडे करून, प्रत्येक वळणाला हळू आवाजात डावं, उजवं सांगत. आमच्याकडे बायका खाली जात नाहीत, वरच्या पायरीवर उभ्या राहतात. पहिल्या वळणापर्यंत दिसतं, मग दिसत नाही. त्या वळणाशी आधी बाबांचं डोकं दिसेनासं झालं, मग तिरडीही गेली. दिवसकार्य झाल्यावर दादानं त्यांना आपल्याबरोबर पनवेलला चला म्हटलं. तिथे लिफ्ट आहे, सगळं आहे. बाबा म्हणाले, "माज्या माणसांनी मला हितनंच उतरवायचंय. तेवडं झालं की मग न्या कुठं न्यायचं ते." दादाला ते बोलणं अभद्र वाटलं. मला नाही वाटलं. ज्यानं जन्मभर दुसऱ्यांना खांदा दिला त्यानं आपल्या खांद्याची वाट बघितली तर त्यात काय वाईट?

मग बरीच वर्षं ते वर एकटे राहिले. स्वतः भात लावायचे, तुळशीला पाणी घालायचे, कारखाना सुटला तरी सकाळी उठून डबा भरायचे आणि दुपारी तोच डबा दारात बसून खायचे. मी पोशीरहून महिन्या-दोन महिन्यांनी यायचे, भाकऱ्या आणि सुकट घेऊन. चढताना आता मीच धापा टाकायचे आणि ते वरून बघत उभे राहायचे. हसायचे, म्हणायचे, सपाटीवर राहून मऊ झालीस.

दोन पावसाळ्यांपूर्वी, उन्हाळा संपता संपता, त्यांना झटका आला. शिंपी काकांनी लगेच पोरं जमवली, प्लास्टिकची खुर्ची दोन बांबूंना बांधली आणि बाबांना उतरवलं. मी तिथे नव्हते, हे मला नंतर काकांनीच सांगितलं. बाबांच्या तोंडाला घाम, छाती आवळलेली, आणि खुर्चीत बसून यांचं चाललंय, अरे त्या बुटक्याला खाली कुणी घातला, बदला, बदला. धड श्वास घेता येत नव्हता आणि खांदेकरी लावत होते! पोरांनी विसाव्यापाशी खुर्ची टेकवायला घेतली, त्यांचेही हात भरून आले होते. बाबांनी वरनंच दम दिला, "हितं नाय. अजून जिता हाय मी." मग पोरांनी तसंच रेटत खाली आणलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता चढ नाही. सपाटीला ठेवा, आणि मनाला ताण देऊ नका. दादाच्या बायकोचं तेव्हा ऑपरेशन झालेलं, म्हणून मी त्यांना पोशीरला आणलं. लेकीच्या घरी राहायचं म्हणून ते आधी अवघडले. माझ्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी त्यांना सांगितलं, पाव्हणं म्हणून बसायचं नाय, शेंगा सोलायला या. मग जमलं दोघांचं. पण पोशीरची जमीन म्हणजे सगळी भाताची, आरशासारखी सपाट. बाबा संध्याकाळी बांधावरून फिरायला जायचे आणि लगेच परत यायचे. म्हणायचे, कुठं जायचं गं, सगळं एकाच उंचीवर. भात कापून झालं की मी जाणार वर, हळूहळू चढेन, दिवस गेला तरी चालेल. रोज एकदा तरी हे व्हायचंच.

आणि त्याच पावसाळ्यात ती भिंत खचली. घरामागची, करवंदांच्या जाळ्यांच्या पुढची. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता, चौथ्या दिवशी सकाळी भिंतीसकट डोंगराची माती वरच्या ओळीत शिरली. माणसं आदल्या दिवशीच शाळेत जाऊन झोपली होती म्हणून वाचली, देवाची कृपा. घरं नाही वाचली. आमच्या घराची मागची खोली गेली, पुढची वाकली. मग वरची ओळ कायमची रिकामी करायची ठरली, राहिलेल्या भिंती पाडल्या, लोकांनी आपापले पत्रे, दारं, खिडक्या काढून नेल्या. दादा येऊन आमचं दार आणि आईची भांडी घेऊन गेला. दिवाळीच्या आधी तिथे नुसता मातीचा उतार राहिला होता, गवत उगवलेला.

बाबांना सांगायचं नाही असं दादानं ठरवलं. डॉक्टर म्हणालेत ताण नको, एवढं बरं होऊ दे, मग बघू. तो पनवेलला बसून ठरवणार, आणि तोंड उघडायचं मी. खोटं बोलायचं त्यानं ठरवलं आणि रोज बोलायचं मी! तुळस बरी आहे, काका पाणी घालतात. पत्रा गळत नाही. हो, कुलूप लावलंय. वस्तीतलं कुणी भेटायला आलं की मी फाटकाशीच गाठून बजावायचे, घराचं नाव काढायचं नाही. गणपतीत शिंपी काका आले. बाबांनी विचारलं, घर बघतोस ना. काका, ज्यांच्या तोंडाला कधी खळ नसायचा, ते चहाच्या कपात बघत म्हणाले, बगतो की.

दसरा झाला, भातं पिवळी पडली. एका सकाळी बाबा म्हणाले, नेरळला जाऊन दाढी करून येतो. मी म्हटलं, बरं. चांगला शर्ट घातला होता, तेव्हाच मला कळायला हवं होतं. दुपारी शिंपी काकांचा फोन आला. तुझा बाप विसाव्यावर बसलाय, लवकर ये, आम्ही त्याला पुढे जाऊ देत नाय.

मी कशी गेले ते माझं मला माहीत. रिक्षा, नेरळ स्टेशन, कर्जतला खोपोली गाडीची वाट बघत उभं राहणं. त्या गाडीला जेव्हा यायचं असतं तेव्हा येते ती. सगळ्या वाटेत मी दादाला शिव्या घालत होते, फोन न करताच. पायऱ्या मी पळत चढले, या वयात. विसाव्यावर बाबा बसले होते, पाठ उंबराला टेकून, शर्ट भिजून अंगाला चिकटलेला. त्यांना पुढे चढवेना आणि मागे उतरायचं नव्हतं. भोवती सगळी वस्ती उभी, कुणी पाणी देतंय, कुणी वारा घालतंय. वरच्या वळणापाशी शिंपी काका आडवे उभे होते, एवढासा माणूस, दोन्ही हात दोन्हीकडच्या भिंतींना लावून. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, हा येडा झालाय, मला माज्या घरी जाऊ देत नाय, तूच सांग याला.

तिथून आमचं घर दिसत नाही, वळणाच्या पलीकडे आहे. मी सगळ्यांकडे बघितलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मग मी त्यांच्या शेजारी बसले. जित्या माणसानं बसू नये तिथे दोघंही बसलो. आणि मी सांगितलं. भिंत खचली, माती आली, घर राहिलं नाही. कुणाचं नाही राहिलं, वरची सगळीच ओळ गेली. माणसं सगळी आहेत. तुम्हाला बरं वाटलं की सांगणार होतो.

त्यांनी विचारलं, तुळस? मी मान हलवली. विचारलं, दार? मी म्हटलं, दादानं नेलंय. मग ते हाताची बोटं एकात एक घालून बसून राहिले. मला वाटलं रडतील. मला वाटलं ओरडतील माझ्यावर, ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याकडे न बघताच विचारलं, अगदी साध्या आवाजात, बाजारातून काय आणायचं विचारावं तसं.

"मग मला आता कुठनं उतरवणार गं?"

शिंपी काकांनी भिंतीवरचे हात काढले. आता अडवून काय करायचं होतं? वर जायला बाबा मोकळे होते आणि ते वर गेले नाहीत, वळणापर्यंतसुद्धा नाही. पोरांनी खुर्ची आणली ती त्यांनी हातानं बाजूला सारली. माझ्या खांद्याला धरून, एकेका पायरीवर थांबत, ते स्वतःच्या पायांनी खाली आले. गाडीत खिडकीशी बसले. पळसदरी गेलं तेव्हा म्हणाले, दाढी राहिली.

त्यानंतर त्यांनी घराचं नाव काढलं नाही. माझ्यावर रागावले नाहीत, दादावरही नाही. जेवायचे, शेंगा सोलायचे, सासूबाईंनी काही विचारलं तर उत्तर द्यायचे. वर जाईन हे मात्र रोज व्हायचं ते बंद झालं. मला तेच सोसवेना. इतके दिवस त्याच बोलण्याचा मला कंटाळा यायचा. माघात, थंडी सरत आली असताना, एका दुपारी ते जेवून आडवे झाले आणि उठलेच नाहीत. चहा घेऊन मी गेले होते.

दादा आला. मी त्याला म्हटलं, खोपोलीला नेऊ या. तो म्हणाला, कुठे नेऊ, तूच सांग. खरंच होतं त्याचं. दार नाही, अंगण नाही, कुठल्या उंबऱ्यातून काढायचं त्यांना? नुसतं पायऱ्यांच्या तळाशी ठेवून परत उचलायचं, तर तो तमाशा त्यांनाच आवडला नसता. दादा आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापुढे रडला. म्हणाला, तुझ्याच दारातून जाऊ देत.

तोवर खोपोलीहून टेंपो आला. मला वाटलं होतं चार-पाच जण येतील. टेंपो भरून माणसं आली, वरच्या ओळीतली, जी आता कुठे कुठे पांगलीयत, मधल्या ओळीतली, खालच्या. पोशीरच्या माणसांनी तोवर तयारी केली होती आणि खांद्याला आमच्या भावकीतले उभे राहिले होते. शिंपी काका पुढे झाले. हात जोडले आणि म्हणाले, "खांदा आमचा हाय." माझ्या नवऱ्यानं आपल्या माणसांना मागे घेतलं.

पोशीरलाही बायका स्मशानात जात नाहीत. आम्ही घराच्या कडेला उभ्या राहिलो, मी आणि सासूबाई पुढे. भात कापून झालेलं, शेतं मोकळी, नदीपर्यंतची बांधावरची वाट सगळी दिसत होती. तिकडे आमच्या पायऱ्यांना वळण असतं, पहिल्या वळणाला माणूस दिसेनासा होतो. इथे वळणच नव्हतं. तिरडी निघाली आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. आधी कळेना काय. मग पोशीरचे एक म्हातारबाबा मागून ओरडले, अरे तिरडी वाकडी धरलीय, माणसं बदला, उंच सगळे एका टोकाला कसे काय लावलेत.

पुढे दोघंही उंच होते आणि मागे बुटके, मागे शिंपी काका. जन्मभर जसे लावत आले तसेच लागले होते, कुणी सांगितलं नव्हतं, कुणी ठरवलं नव्हतं. सपाट बांधावर त्यामुळे तिरडीचं पुढचं टोक वर आणि मागचं खाली. ओरडणं ऐकून ते थांबले. काकांनी मान वळवून इकडे बघितलं, चूक कळली त्यांना, माणसं बदलायला तिरडी टेकवू की काय असं त्यांचं झालं. दादा मडकं घेऊन पुढे उभा होता, तोही वळून माझ्याकडे बघत राहिला. मी इथून हात हलवला. चालू द्या तसंच, म्हटलं, नका बदलू. एवढ्या लांब त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे, पण ते तसेच निघाले.

सासूबाईंनी डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघितलं. त्यांना आमच्या पायऱ्यांचं काही ठाऊक नाही, त्या कधी खोपोलीला आल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "बग गं, चढावर चालल्यागत दिसतंय."

तोवर मी रडले नव्हते. कामं होती, माणसं होती, चहा करायचा होता. ते ऐकलं आणि मी तिथेच मातीत बसले आणि मोठ्यानं रडले. आजूबाजूच्या बायका मला आत चल म्हणत होत्या. मी गेले नाही. माझे बाबा वर चालले होते, आणि ते नदीपाशी पोचेपर्यंत मला सगळं दिसत होतं.